‘राहू दे’ हा नकार नाही

माझी प्रार्थना चार शब्दांची होती. ‘देवा, ही राहू दे.’ ही म्हणजे दारू. साडेसात महिने मी ती म्हटली आणि त्या साडेसात महिन्यांत एकदाही प्यायलो नाही. आठव्या महिन्यात मुलीचा साखरपुडा होता आणि त्या दिवशी ती प्रार्थना मला बदलावी लागली. का बदलावी लागली, ते इथे लिहीत आहे.

आधी साखरपुड्याची अट सांगितली पाहिजे. मुलगी सुरतेत रिंग रोडवरच्या एका साडी व्यापाऱ्याकडे संगणकावर डिझाइनचे काम करते. बोलताना मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात घालते. अट मात्र तिने स्वच्छ मराठीत घातली. गोडादऱ्यातल्या आमच्या घरी, दुपारी जेवताना, तिच्या आईच्या समोर घातली.

‘पप्पा, पाटावर तुम्हीच बसायचं. पण त्या दिवशी घेतलीत, तर मामा बसतील. मी भांडणार नाही. मामांना फक्त खूण करेन.’

‘आणि लोकांनी विचारलं तर?’ बायको म्हणाली.

‘पप्पांची तब्येत बरी नाही. इतकी वर्षं तेच तर सांगतोय ना आपण?’

आमच्याकडे साखरपुड्याला मुलीचा बाप आणि मुलाचा बाप समोरासमोर पाटावर बसतात. पुरोहित दोघांच्या हातात सुपारी देतात, दोघे एकमेकांना कुंकू लावून गळाभेट घेतात आणि तिथून पुढे लग्न ठरले असे धरले जाते. बाप हयात आहे, हॉलमध्ये हजर आहे आणि पाटावर मामा बसला आहे, याचा अर्थ शंभर माणसांना एकाच वेळी कळतो. मी अट मान्य केली. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला त्याच संध्याकाळी फोन गेला आणि त्याने नवा सदरा शिवायला टाकला. दोन्ही शक्यतांची तयारी झाली.

मी एका मराठी दैनिकाच्या सुरत कार्यालयात उपसंपादक आहे. त्याआधी बातमीदार होतो. गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणून पकडलेल्या दारूची बातमी हा आमच्या पानाचा कायमचा खुराक असतो. अशी बातमी मी कित्येकदा लिहिली आहे. ‘मुद्देमाल’ हा शब्द डोळे मिटून टंकू शकतो. बातमी संपवून मी उधन्याच्या एका गल्लीत जात असे आणि त्याच प्रकारचा मुद्देमाल पोटात घालत असे. यातली विसंगती मला दिसत नव्हती असे नाही. दिसत होती, पण तिने काही फरक पडत नव्हता.

दारू सुटली ती आधी डॉक्टरांमुळे. पहिले दहा दिवस दवाखान्यात काढले, हात थरथरणे औषधांनी थांबले. ते काम प्रार्थनेचे नव्हते. प्रार्थनेचे काम घरी आल्यावर सुरू झाले, कारण शरीर शांत झाले तरी तलफ आपल्या वेळेला येतच राहिली. माझी वेळ संध्याकाळी साडेसहाची. सुरुवात जिभेखाली होई. तोंडाला पाणी सुटे, मग मानेचा मागचा भाग जड होई, मग अचानक आठवे की उधन्याला एक काम राहिले आहे. काम कोणतेच नसे. मी घड्याळ लावून पाहिले. वीस मिनिटांच्या पुढे ती तलफ क्वचितच टिकत असे. अडचण एवढीच, की त्या वीस मिनिटांत ती कधी संपणारच नाही असे वाटत असे.

रविवारी सकाळी पांडेसऱ्यात एका शाळेच्या वर्गात दारू सोडलेल्यांची बैठक भरते. रंगाईच्या कारखान्यातले, लूमवरचे, एक रिक्षावाले, एक बँकेतले असे आम्ही दहा-बाराजण पाचवीच्या बाकांवर गुडघे अडकवून बसतो. शेवटी सगळे उभे राहून हिंदीत एक प्रार्थना म्हणतात. ती चांगली आहे, पण लांब आहे. तलफ आली की मला तिची दुसरी ओळ आठवत नसे, आणि ती आठवेपर्यंत मी उधन्याचा अर्धा रस्ता चाललेला असे. मला छोटी काहीतरी हवी होती.

ती कचेरीत सापडली. पानावर जागा कमी पडली की आमचे मुख्य उपसंपादक एखाद्या बातमीवर पेन टेकवतात आणि म्हणतात, ‘ही राहू दे.’ बातमी वाईट आहे असा त्याचा अर्थ नसतो. ती आज जाणार नाही, उद्या पाहू, एवढाच असतो. डेस्कवरच्या माणसाला हे ठाऊक असते, की राहिलेल्या बातम्यांपैकी बहुतेक दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात आणि कधीच छापल्या जात नाहीत. एका संध्याकाळी ते वाक्य ऐकताना माझ्या जिभेखाली पाणी सुटलेले होते. मी मनात म्हणालो, देवा, ही राहू दे. बातमी स्त्रीलिंगी, दारू स्त्रीलिंगी. व्याकरणही बदलावे लागले नाही. खुर्चीतून उठलो नाही. सात वाजता तलफ गेलेली होती.

त्यानंतर रोज म्हटली. तिच्यात आयुष्यभराची शपथ नव्हती, हा तिचा मोठा गुण. शपथा मी पूर्वी अनेक घेतल्या होत्या, कुलदैवताच्या, आईच्या, मुलीच्या. इथे फक्त आजच्या पानातून एक मजकूर वगळायचा होता आणि ते काम मला येत होते. ‘देवा’ हा शब्द काढूनही पाहिला, कारण मी फारसा श्रद्धाळू नाही. मग ते वाक्य स्वतःला केलेला हुकूम झाले, आणि स्वतःचा हुकूम मी कधीच पाळलेला नाही. दुसऱ्याच दिवशी ‘देवा’ परत घातला. पलीकडे कोण आहे याची खात्री नसली तरी बोलायला कोणीतरी लागते. ही प्रार्थना काम करते, हे मी तेव्हाही ठामपणे सांगत असे आणि आजही सांगतो.

बैठकीत मी ती सांगितली तेव्हा सगळ्यांना आवडली. फक्त आबा हसले. आबा मूळचे आमच्याच खानदेशचे, शिंदखेड्याकडचे. रंगाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, दारू सोडून बरीच वर्षे झालेले. बैठकीत त्यांचा शब्द वजनदार मानतात, पण ते बोलतात अहिराणीतच.

‘कोनी शिकाडी तुले हाई प्रार्थना?’

‘मीच तयार केली, आबा.’

‘राहू दे म्हनस? अरे भो, जेवाले बठेल मानूस राहू दे म्हनस, तं वाढनारी दोन पोया जास्ती टाकस.’

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, ‘देव काय वाढणारी आहे का आबा?’

‘देव नही. पन पाजनारा शे ना!’

मी त्यांना डेस्कवरचा अर्थ समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘तुना पेपरमा चालत व्हई. पंगतमा नही चालाव.’ तुझ्या पेपरात चालत असेल, पंगतीत चालणार नाही. शब्दांचा धंदा माझा होता, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

साखरपुडा गोडादऱ्यातल्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवला होता. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मुलाकडचे कोसाडहून दोन टेम्पो करून अकराच्या सुमारास आले. मुलाचे वडील म्हणजे आमचे होणारे व्याही. आयुष्य लूमवर गेलेले, आवाज मोठा, मन साफ. मुलीचा बाप पेपरात आहे म्हणून त्यांनी आपल्या सगळ्या लोकांना तंबी दिली होती की शुद्ध बोला. परिणामी दोन्हीकडची खानदेशी माणसे त्या दिवशी एकमेकांशी क्रमिक पुस्तकातल्यासारखी बोलत होती. ‘आपण आसनस्थ व्हावे,’ असे एका काकांनी मला म्हटले, आणि स्वतःच गोंधळून खुर्ची पुढे करण्याऐवजी घेऊन गेले.

चहा झाल्यावर व्याह्यांनी माझा हात धरला. ‘चला, जरा वर बसू. पाच मिनिटं. पुरुषमंडळी आहेत.’

हॉलच्या वर एक खोली होती. सतरंजीवर सहाजण गोल बसले होते. मध्ये ताटात शेव, शेंगदाणे, लिंबू पिळलेला कांदा, आणि भिंतीला टेकवून एक मोठा निळा थर्मास. पेले स्टीलचे. स्टीलच्या पेल्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, ही सोय सुरतेत सगळ्यांना माहीत आहे. मी दारातच ओळखले. परत फिरायला हवे होते, फिरलो नाही. व्याह्यांचा हात सोडवून घ्यायला मनगट पिरगाळावे लागले असते, आणि सुपारीआधी व्याह्याचे मनगट पिरगाळता येत नाही. एवढे कारण मला तेव्हा पुरेसे वाटले. मी बसलो आणि हाताला काम हवे म्हणून कांदा खाऊ लागलो.

व्याह्यांनी पेले भरले. एकाही माणसाने आपला उचलला नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

‘आमच्याकडं मुलीच्या वडिलांनी पहिला घोट घ्यायचा,’ व्याही म्हणाले. ‘मग आम्ही. वडिलोपार्जित रीत आहे.’

‘माझ्या बापानं घेतला, माझ्या सासऱ्यानं घेतला,’ एकजण म्हणाला. ‘सासऱ्यानं तर पहिला नि शेवटचा दोन्ही त्यानंच घेतला!’

सगळे हसले. वास माझ्यापर्यंत आला. साडेसहा वाजायला अजून सात तास होते, पण जिभेखाली पाणी सुटले. मी मनात म्हणालो, देवा, ही राहू दे. आणि साडेसात महिन्यांची सवय अशी, की तोंडातूनही तोच शब्द बाहेर पडला.

‘राहू द्या.’

‘असं कसं, साहेब? राहू द्या कसं?’ व्याह्यांनी माझ्या पेल्यात आणखी थोडी ओतली.

‘खरंच राहू द्या.’

‘लाजू नका हो. आता आपण एक घर.’ पेला तीन चतुर्थांश भरला.

मला कळत होते की काहीतरी चुकते आहे, पण काय ते कळत नव्हते. मी नकार देत होतो आणि पेला भरत होता. तिसऱ्यांदा ‘राहू द्या’ म्हणत मी पेल्यावर तळहात आडवा धरला. आणि तिथे पुरता फसलो. कारण पंगतीत तूप नको असेल तर माणूस हेच करतो, आणि वाढणारी ते तूप बोटांच्या फटीतून सोडतेच. तिने सोडले नाही तर घरचा पाहुणचार कमी पडला असे होते. व्याह्यांनी अगदी तसेच केले. प्रेमाने, हसत, माझ्या बोटांवरून धार धरली. थंड दारू बोटांमधून पेल्यात गेली, थोडी मनगटावर ओघळली.

‘बघा, हात धुतला, आता तोंडही धुवा!’ कोणीतरी म्हणाले.

त्या क्षणी मला आबांचे बोलणे समजले. माझा शब्द या खोलीत होकाराच्याच जातीचा होता. ‘राहू दे’ हे समोरच्याला दिलेले निमंत्रण असते: आग्रह कर, मी थोडा वेळ नाही म्हणेन, मग घेईन. व्याही माझ्यावर जबरदस्ती करत नव्हते. ते माझ्या वाक्याचा बरोबर अर्थ लावत होते. त्याहून वाईट म्हणजे साडेसात महिने मी रोज संध्याकाळी देवालाही हेच सांगत आलो होतो. कचेरीत एकटा असताना आग्रह करणारे कोणी नव्हते, म्हणून ते निभावले.

ओल्या बोटांचा वास नाकाशी होता. हात तोंडापासून एक वीत अंतरावर. खाली मुलगी तयार होत होती, मामा नव्या सदऱ्यात उभा होता. बोट चाटले तरी अट मोडली असती, आणि बोट चाटावेसे वाटत होते, हे नोंदवले पाहिजे. मला दुसरे वाक्य हवे होते आणि प्रमाण मराठीत ते सापडेना. ‘नको’ म्हणालो असतो तर तेही पंगतीतलेच निघाले असते. जे तोंडातून आले ते मी आईच्या मृत्यूनंतर मोठ्याने बोललोच नव्हतो. लहानपणी ताटातला भात संपेना तेव्हा म्हणायचो ते.

‘देवा, माले नही जोयजे.’

मला नाही पाहिजे. प्रार्थना आणि उत्तर एकत्रच झाले, आणि आवाज वाजवीपेक्षा मोठा लागला. ‘देवा’ कोणाला म्हटले हे कोणालाच कळले नाही. मग कोपऱ्यातले एक काका ओरडले, ‘अरे, व्याहीले देव करी टाकं याने!’

‘आन् याले तं आपली बोली येस!’ दुसरा म्हणाला. ‘आम्ही सकायपासून शुद्ध बोली बोली मरी ऱ्हायनूत!’

हसणे थांबेना. व्याही हसले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिले आणि थर्मासचे झाकण लावले.

‘नही जोयजे?’

‘नही जोयजे. मी सोडी दिन्ही. आठ महिना व्हतीन.’

‘मंग पहिलेच सांगाले जोयजे व्हतं ना, भो.’ त्यांनी माझा पेला उचलून शेजारी बसलेल्या आपल्या भावापुढे ठेवला, माझ्यासमोर पाण्याचा ठेवला. ‘पानी प्या. पन तोंड तं पहिले तुम्हीच लावा. रीत मोडाले नको.’

मी पाण्याचा घोट घेतला. बाकी सगळ्यांनी आपापले पेले उचलले. वडिलोपार्जित रीत पाण्यावर भागली. व्याही थांबले नसते तर मी उठून गेलो असतो, असे आज म्हणता येते. तेव्हा मला ते माहीत नव्हते. इतके मात्र निश्चित सांगता येते, की ‘नही जोयजे’ला आग्रह करायला जागाच राहत नाही. त्या दिवसापासून माझी प्रार्थना तीच आहे. ती मनात म्हटली तरी घरच्या आवाजात ऐकू येते, आणि तलफ वीस मिनिटांची असेल तर तिला पाच-सहा वेळा म्हटलेली पुरते. आबांना सांगितले तेव्हा ते फक्त ‘मंग!’ म्हणाले.

खाली उतरायच्या आधी मी जिन्याजवळच्या नळावर साबणाने हात धुतला. दोनदा धुतला, तरी मनगटाजवळ बाहीला वास राहिला. बाही ओली करून पिळली. खाली आलो तेव्हा साडेबाराला पाच मिनिटे कमी होती. पुरोहितांनी घाई केल्यामुळे मामाला आधीच पाटावर बसवले होते. कोणाची खूण झाली की नुसतीच व्यवस्था म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. बायको माझ्याकडे आली, बाहीकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

‘अहो, हे काय?’

‘हातावर सांडली. तोंडात गेली नाही.’

पूर्वी मी अशी वाक्ये खूप बोललो होतो, त्यामुळे तिने विश्वास ठेवावा असे त्यात काही नव्हते. तिने ठेवलाही नाही. ती सरळ मुलीकडे गेली. मुलगी हिरव्या शालूत, हातभर बांगड्या, खोलीच्या दारात उभी होती. बायकांना बाजूला सारत ती माझ्यापुढे येऊन थांबली. हॉलमधल्या दोनेक ओळींना दिसत होते.

‘पप्पा, हा करा.’

‘काय?’

‘तोंड उघडा. हा करा.’

डॉक्टरपुढे करतात तसा मी ‘हा’ केला. तिने नाक जवळ आणले, डोळे बारीक केले, आणि एक पाऊल मागे सरकली.

‘कांदा,’ ती म्हणाली. ‘छी, पप्पा! सुपारीच्या आधी इतका कांदा कोण खातं?’

‘बाहीला आहे गं,’ बायको म्हणाली.

‘बाहीला असू दे. मी काय बाही पाटावर बसवत नाही.’ ती वळली आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘मामा, उभे थाव! पप्पा आले.’

मामाने उपरणे सारखे केले, उठला आणि जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, ‘भाऊजी, सदरा तेवढा वाया घालवलात.’ समोर व्याही येऊन बसले. पुरोहितांनी संकल्पासाठी मुलीच्या वडिलांचे नाव विचारले आणि सवयीने मामाकडे पाहिले. मी माझे नाव सांगितले.